भिंगकाका आणि चुकांचा फळा

भिंगकाकांच्या गळ्यात कायम एक भिंग असायचं. जाड काचेचं, काळ्या दोरीत ओवलेलं. छातीवर आपटून आपटून त्यांच्या प्रत्येक शर्टाचं दुसरं बटण सैल झालेलं. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तिथंच राहिलं. बावीस वर्षं हा माणूस आमच्या खोलीत तपासणीच्या टेबलाशी बसला आणि त्यातली बारा वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते. कुणाला पटत नसेल तर नसो.

आमची खोली हॉस्पिटलच्या तळघरात. एका दारानं ऑपरेशनला वापरलेली हत्यारं आत येतात, कात्र्या, चिमटे, पकडी, रक्तानं माखलेली. दुसऱ्या दारानं तीच स्वच्छ, निर्जंतुक होऊन, कापडात गुंडाळलेल्या ट्रेमधून वर थिएटरला जातात. मध्ये आम्ही चौघं. धुण्यावर वहिनी, सगळ्या जगाची वहिनी, नात्यानं कुणाचीच नाही. मग काका. धुतलेलं एकेक हत्यार दिव्याखाली धरायचं, सांधा उघडायचा, दाते बघायचे, कुठं काही चिकटलेलं दिसलं तर ते परत वहिनीकडे. मग मी. यादीवर बोट ठेवून मोजायचं, ट्रेमध्ये लावायचं, गुंडाळायचं. शेवटी वाफेच्या मोठ्या यंत्रापाशी भट्टीवाला. प्रत्येक ट्रेवर एक चिठ्ठी, चिठ्ठीवर दोन सह्या. 'तपासलं' समोर काकांची, 'मोजलं' समोर माझी. मला तिथं सगळे मिरची म्हणतात. नाव काकांनीच ठेवलं, पहिल्या आठवड्यात, आणि मी ते तेव्हापासून निष्ठेनं सांभाळलंय.

काकांची एक सवय होती. खोलीत कुणाच्याही हातून काही बिघडलं की ते उठायचे, बटण चाचपायचे आणि म्हणायचे, "चूक माझी." एकदा भट्टीवाला यंत्राचं बटण दाबायचंच विसरला आणि तासभर थंड भट्टीसमोर हाताची घडी घालून उभा राहिला. वर जाऊन ओरडा खाल्ला काकांनी. वहिनीच्या हातून एक नाजूक नळी पडून वाकली, तेव्हाही काकाच गेले. परत आले की हसत सांगायचे, "झालं, आटोपलं. चहा टाका." आमचा जीव होता त्यांच्यावर. का नसणार? बारा वर्षांत मला एकदाही कुणी वरून चढ्या आवाजात बोललं नव्हतं. आपण चुकलो हे आपल्या तोंडानं कसं सांगायचं, हे आमच्यापैकी एकालाही येत नव्हतं, कारण कधी वेळच आली नव्हती.

दीड वर्षापूर्वी काकांनी पुढं सरकवलेल्या एका पकडीच्या दातात मला काहीतरी दिसलं. तीळभर, तपकिरी. मी म्हटलं, होतं एखादवेळी, आणि ती बाजूला ठेवली. चार दिवसांनी दुसरी. पुढच्या आठवड्यात दोन. मग मला कळलं. काकांना बारीक दिसत नव्हतं. ते भिंग धरत होते, सांधा उघडत होते, मान हलवत होते, सगळं अगदी पूर्वीसारखं. फक्त दिसत नव्हतं.

मी काय केलं? टेबलाखाली एक स्टीलचं वाडगं ठेवलं. काकांच्या हातून आलेलं प्रत्येक हत्यार मोजता मोजता बघायचं, खराब दिसलं तर वाडग्यात टाकायचं आणि काका चहाला उठले की वाडगं वहिनीच्या टबात रिकामं करायचं. वहिनी विचारत नव्हती, मी सांगत नव्हते. अळीमिळी गुपचिळी.

सांगायला हवं होतं. रोज सकाळी जिना उतरताना ठरवायचे, आज सांगायचं. पण काकांच्या निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं उरली होती. टेबलावरून उठवलं असतं तर त्यांना भांडारात बसवलं असतं, कापसाचे गठ्ठे सांभाळायला. बावीस वर्षं ज्या माणसानं आमच्यावर पाऊस पडू दिला नाही, त्याला मी जाऊन सांगू की तुम्हाला दिसत नाही? माझी जीभ कुणापुढं अडत नाही, पण तिथं अडली. मग मी रजा घेणं सोडलं. मी नसले तर वाडगं कोण भरणार? ताप अंगात घेऊन कामावर गेले. घरीही चैन नाही. भांडी घासून झाली की चमचे उजेडात धरून बघायचे. नवरा म्हणाला, "अगं, आपल्याकडे जेवायचंय, ऑपरेशन नाही करायचंय." मी पुढचा चमचा उचलला.

अशात नव्या सिस्टर आल्या, खोलीच्या प्रमुख म्हणून. बुटक्या, शांत, चालताना आवाज न करणाऱ्या. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवर एक पांढरा फळा लावला.

"ज्याची चूक त्यानं इथं लिहायची," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या हातानं. शिक्षा नाही, ओरडा नाही. कुठं घसरायला होतं ते कळलं तर तिथली फरशी बदलता येते. पण दुसऱ्याची चूक लिहायची नाही आणि स्वतःची लपवायची नाही."

आम्ही माना डोलावल्या. फळा दहा दिवस कोरा राहिला. मग भट्टीवाल्यानं लिहिलं, 'आज चूक नाही. उद्या बघू.' वहिनीनं त्याखाली लिहिलं, 'चहात साखर विसरले.' सिस्टर वाचून हसल्या आणि तसंच राहू दिलं. मला वाटलं, झालं, आता हा फळा वाळत घालायच्या कपड्यांच्या दोरीसारखा कुणाच्या लक्षात राहणार नाही.

पण काकांनी तो मनावर घेतला. खोलीत काही झालं की तेच मार्कर उचलायचे. झाकण उलटं बसलं, चूक माझी. चिठ्ठी फाटली, चूक माझी. महिन्याभरात सगळा फळा त्यांच्याच अक्षरानं भरला. अक्षर मात्र दर आठवड्याला मोठं होत चाललं होतं. ते कुणी बोललं नाही. बघत सगळेच होते.

एकदा सिस्टरनी विचारलं, "काका, ही चिठ्ठी तुम्ही फाडलीत?"

"माझ्या खोलीत फाटली."

"मी ते विचारलं नाही."

काका हसले. "सिस्टर, लेकरं आहेत माझी. माझ्या अंगाला सवय आहे."

"तुम्ही यांच्या चुका पळवताय, काका," सिस्टर म्हणाल्या, आवाज न चढवता. "यांच्याकडे मग शिकायला काय उरणार?"

काकांनी ते हसण्यावारी नेलं. मी नाही नेऊ शकले. ते वाक्य माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरायला लागलं.

त्याच आठवड्यात, सोमवारी, मी एका ट्रेमध्ये सरळ पकडीच्या जागी वाकडी लावली. भट्टीत जायच्या आधीच लक्षात आलं, बदलली. किरकोळ गोष्ट. पण मी ठरवलं, ही आपण लिहायची. बारा वर्षांत पहिल्यांदा. हात पुसून फळ्याकडे वळले तर तिथं आधीच लिहिलेलं, 'वाकडी पकड. चूक माझी.'

मी भडकले. "काका, ती माझी होती. मी लिहिणार होते."

"राहू दे गं. लहान आहेस अजून."

एक्केचाळीस वर्षांची मी. दोन मुलांची आई. भट्टीवाला फिसकन हसला. मी मार्कर टेबलावर आपटला आणि दिवसभर काकांशी बोलले नाही. मनात एकच, यांना सगळ्यांचं सगळं अंगावर घ्यायचंय ना? घेऊ देत.

मंगळवारी वहिनी रजेवर होती, तिच्या जागी दुसऱ्या पाळीतली बाई. काकांनी हाताच्या ऑपरेशनचा बारीक सेट तपासला आणि माझ्याकडे सरकवला. मी यादीवर बोट ठेवलं आणि मोजलं. यादीत चौतीस, ट्रेत चौतीस. नियम एवढंच सांगतो, मोजा. मी मोजलं. एकही हत्यार उजेडात धरलं नाही. सही करताना माझा हात जरा थबकला होता, हे मी कबूल करते. तरीही केली. टेबलाखालचं वाडगं दिवसभर रिकामं राहिलं.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो ट्रे परत आला. थिएटरची सिस्टर स्वतः घेऊन खाली आली, तेव्हाच कळलं की काही खरं नाही. छोट्या कात्रीच्या खिळ्यापाशी रक्ताचा सुकलेला कण. वापरण्याआधी दिसला म्हणून निभावलं. पण चार वर्षांच्या मुलीचं ऑपरेशन होतं, भाजून चिकटलेली बोटं सोडवायची होती आणि तिला भूल देऊन झाली होती. असा बारीक सेट हॉस्पिटलात दोनच. दुसरा आमच्या भट्टीत. तो निघून वर पोचेपर्यंत चाळीस मिनिटं ती पोर भुलीखाली नुसती पडून होती.

मी कुणाला न विचारता वर गेले. बारा वर्षांत मी त्या मजल्यावर कधी गेले नव्हते, आमचा संबंध हत्यारांशी, माणसांशी नाही. बाहेरच्या बाकावर तिचा बाप बसला होता. पाण्याची बाटली हातात, झाकण उघडायचा, लावायचा, उघडायचा, लावायचा. पाणी पीत नव्हता. त्यानं माझ्या गणवेशाकडे बघून विचारलं, "ताई, एवढा वेळ का लागतोय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खोटं बोलले आणि जिना धावत उतरले. दीड तासानं कळलं, मुलगी शुद्धीवर आली, ठीक आहे. मी धुण्याच्या टबापाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दुपारी सिस्टरनी आम्हा चौघांना बोलावलं. मधल्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. काकांनी चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. उठले, बटण चाचपलं, मार्कर उचलला आणि टरबुजाएवढ्या अक्षरात लिहिलं, 'हाताचा सेट. चूक माझी.'

वहिनी जमिनीकडे बघत होती. भट्टीवाला छताकडे. मला ठाऊक होतं की या वेळी चूक खरोखरच काकांची आहे. आणि ते मात्र कुणाला तरी पाठीशी घालत असल्यासारखे प्रेमळ चेहऱ्यानं उभे होते.

सिस्टरनी चिठ्ठीवरच्या दोन्ही सह्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. "उद्या सकाळी परत वाचू," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी मला घरात बसवेना. मुलांना वाढलं, नवऱ्याला म्हटलं, आले जाऊन, आणि काकांच्या घरी गेले. दोन गल्ल्या सोडून, दुसरा मजला. काकूंनी दार उघडलं. काका खिडकीशी वर्तमानपत्र धरून बसले होते.

"वाचत नाहीयेत," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. "नुसतं धरतात. सकाळी मी वाचून दाखवते, संध्याकाळी तेच मला सांगतात. डोळेवाल्यांकडे जा म्हटलं तर म्हणतात, निवृत्तीनंतर."

आमच्याच हॉस्पिटलात डोळ्यांचा विभाग आहे. खोलीपासून तीन जिने.

मी खुर्चीच्या टोकावर बसले. चहा आला. मी तोंड उघडलं, आणि काकाच म्हणाले, "तू कशाला घाबरतेस? मी लिहिलंय ना फळ्यावर. तुझ्यापर्यंत काही येणार नाही. घरी जा, नीट जेव."

मला रडू फुटलं असतं. चहा तसाच टाकून मी निघाले. रस्त्यात मला त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला, मग पुन्हा त्यांचा, आणि घरापर्यंत तो असा या खांद्यावरून त्या खांद्यावर होत राहिला.

गुरुवारी मी सगळ्यांच्या आधी खोलीत पोचले. फळ्यावर काकांच्या ओळीखाली लिहिलं. आधी बारीक अक्षरात लिहिलं होतं. मग पुसलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. त्यांना वाचता यायला हवं होतं.

'काकांना बारीक दिसत नाही हे मला दीड वर्षापासून माहीत आहे. मी गुपचूप त्यांच्यामागून तपासत होते. मंगळवारी रागावून तपासलं नाही, नुसतं मोजलं. त्यांनाही सांगितलं नाही, सिस्टरनाही नाही. मिरची.'

वहिनी आली. वाचलं. कितीतरी वेळ पदरानं हात पुसत राहिली, हात कोरडेच होते. मग मार्कर मागितला. 'मी काकांच्या पाळीला सगळं दोनदा धुते. कारण मला माहीत होतं. मंगळवारी रजा होती, बदलीच्या बाईला सांगितलं नाही.' भट्टीवाल्यानं लिहिलं, 'दोघींचं चाललेलं मला दिसत होतं. माझं काम भट्टी, असं म्हणून गप्प बसलो.' आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. एका माणसाच्या नजरेभोवती तिघांनी तीन कुंपणं घातली होती, आणि एकानंही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

सिस्टर आल्या, दाराशीच थांबल्या. मग काका आले.

त्यांनी नेहमीप्रमाणे डबा कोनाड्यात ठेवला, एप्रन चढवला आणि फळ्याकडे वळले. लांबून वाचता येईना. जवळ गेले. आणखी जवळ. भिंग उचललं आणि नाक फळ्याला टेकेल इतक्या जवळून एकेक ओळ वाचायला लागले. ओठ हलत होते. खोलीत फक्त नळ ठिबकत होता, आणि मला वाटत होतं की आत्ताच्या आत्ता इथून पळून जावं. मी दारूही पिऊन आले नव्हते की सांगावं, शुद्धीत नव्हते म्हणून लिहिलं.

वाचून झाल्यावर काका वळले नाहीत. फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले, "वाडगं मला ठाऊक होतं गं. पाय लागायचा माझा त्याला."

मी नकळत टेबलाखाली बघितलं.

"काल मला वाटलं, तुझ्या नजरेतून सुटलं. म्हणून लिहिलं, चूक माझी. म्हटलं, पोरीला वाचवू." त्यांनी भिंग सोडून दिलं, ते छातीवर आपटलं. "म्हणजे कुणाची, हे मी काल विचारलंच नाही स्वतःला. सवय."

त्यांनी फडकं घेतलं आणि आपली कालची ओळ पुसली. नुसती ती एकच. तिच्या जागी लिहायला त्यांना खूप वेळ लागला, अक्षर वाकडं गेलं, एकदा मार्कर हातातून सुटला. वहिनी उचलायला वाकली तर म्हणाले, "राहू दे, मी उचलतो." चाचपत चाचपत उचलला. लिहिलं ते असं होतं:

'कात्री मी तपासली. कण दिसला नाही. मला दिसत नाही हे मला मिरचीच्याही आधीपासून माहीत आहे. टेबल जाईल म्हणून बोललो नाही.'

सिस्टर पुढं आल्या. मला वाटलं, आता कापसाचे गठ्ठे. त्या म्हणाल्या, "दहा वाजता डोळ्यांच्या विभागात मी तुमच्याबरोबर येते. तोवर तुमच्या टेबलावर दोन जणं बसतील. मिरची, एक खुर्ची घेऊन इकडे बस. वाडगं टेबलाखालून वर काढ."

मी वाडगं वर ठेवलं. एवढंसं वाडगं, पण दीड वर्षानं ते उजेडात बघताना मला लाज वाटली.

काका बसले. पहिला ट्रे ओढला, एक चिमटा उचलला, दिव्याखाली धरला, सांधा उघडला, मान हलवली. आणि बाजूला न सारता तो माझ्या हातात दिला. "बघ," म्हणाले.

मी बघितला. दातांच्या मुळाशी बारीकसं काहीतरी होतं. सवयीनं माझा हात वाडग्याकडे गेला, गुपचूप, आणि मध्येच थांबला. बारा वर्षांत मी या माणसाला एकही गोष्ट परत केली नव्हती. कुणीच केली नव्हती.

"काका," मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "हा परत."

"कुठं?"

मी नखाचं टोक ठेवून दाखवलं. ते वाकले, भिंग लावलं, दिवा जवळ ओढला, पुन्हा बघितलं. खूप वेळ बघितलं.

"मला नाही दिसत," ते म्हणाले. तेही मोठ्यानंच. "पण आहे म्हणतेस तर आहे."

मग ते उठले, चिमटा घेऊन स्वतः धुण्याच्या टबापर्यंत चालत गेले आणि हात पुढं करून म्हणाले, "वहिनी, एक परत आलाय. माझ्याकडून सुटला."

वहिनीनं तो घेतला आणि नळ सोडला.